न छापलेल्या कादंबरीचे वाचक

प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीचे स्वागत कसे झाले हे पाहणे साहित्येतिहासाच्या नित्याच्या कक्षेत येते. परंतु जी कादंबरी लिहून पुरी झाली आणि प्रकाशकाच्या दारातच अडली, तिलाही वाचकांचा इतिहास असू शकतो काय? केनेथ सी. फ्लिंट यांच्या ‘द हार्ट ऑफ द जेडाय’ ह्या कादंबरीने हा प्रश्न उभा केला आहे.

आयरिश पुराणकथांच्या आधारे अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिणाऱ्या फ्लिंट यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ती बॅण्टम ह्या अमेरिकन प्रकाशनसंस्थेसाठी लिहिली. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालिकेतील ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ (१९८३) ह्या चित्रपटानंतरचा काळ हा तिचा विषय. प्रकाशन रद्द झाले आणि नंतरची सुमारे दोन दशके चाहत्यांपाशी केवळ एक शीर्षक उरले.

चित्रपटाला जोडून लिहिल्या जाणाऱ्या अशा कादंबरीत कर्तृत्वाची संकल्पना मुळातच डळमळीत असते. पहिला ‘स्टार वॉर्स’ चित्रपट मे १९७७ मध्ये झळकला. त्याची कादंबरी १९७६ मध्येच जॉर्ज लुकस यांच्या नावाने निघाली होती, पण ती लिहिली होती अॅलन डीन फॉस्टर यांनी. फॉस्टर यांची पुढची कादंबरी (१९७८), गरज पडल्यास तिच्यावर कमी खर्चाचा चित्रपट काढता यावा, अशा बेताने रचलेली होती. पहिला चित्रपट अफाट चालला, बेत बारगळला, कादंबरी मागे राहिली. १९९१ साली टिमोथी झान यांच्या ‘एअर टू द एम्पायर’पासून ह्या लेखनाला नवा बहर आला आणि प्रत्येक नवी कादंबरी एकाच सामायिक कालक्रमात बसलीच पाहिजे, हा दंडक रूढ झाला. मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये लेखक ही व्यक्ती नसून एक कार्य आहे असे प्रतिपादन केले. येथे ते कार्य हक्कधारक कंपनी उघडपणे बजावते.

चाहत्यांचे कुतूहलही ह्या दंडकानेच घडवलेले दिसते. कादंबरी चांगली होती काय, हा प्रश्न त्यांच्या चर्चेत दुय्यम असतो. ती कुठे बसली असती, तिच्यामुळे कोणत्या प्रसंगाला बाधा आली असती, हे त्यांना अधिक जाणून घ्यायचे असते. याऊस यांच्या मांडणीत कृती वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजाला धक्का देते. येथे क्षितिज आहे, कृतीच नाही. आणि तिच्या जागेचा आकार शेजारच्या कादंबऱ्यांनी आखून दिलेला. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप ह्या नावाने पाठवली, तेव्हा कथा समोर होती आणि लेखक पडद्याआड. फ्लिंट यांच्या बाबतीत नेमके उलट घडले.

मराठी अभ्यासकाला येथे ‘प्रक्षिप्त’ ही संज्ञा आठवल्यावाचून राहणार नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, तेव्हा मूळ पाठ कोणता, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. मूळ ग्रंथ एका कवीचा असल्यामुळे त्या प्रश्नाला अर्थ होता. ‘स्टार वॉर्स’च्या विश्वात मूळ आणि प्रक्षिप्त यांची सीमारेषा पाठावरून ठरत नाही, मालकाच्या निर्णयावरून ठरते, आणि निर्णय फिरवता येतो. तो फिरलाही. २०१२ मध्ये डिस्नेने लुकसफिल्म विकत घेतली; एप्रिल २०१४ मध्ये तोवरच्या सगळ्या कादंबऱ्या अधिकृत कालक्रमातून वगळून ‘लेजेंड्स’ ह्या सदरात टाकण्यात आल्या. झान यांची गाजलेली कादंबरी आणि फ्लिंट यांची न छापलेली कादंबरी, अधिकृततेच्या दृष्टीने दोन्ही आता सारख्याच बाहेरच्या.

‘द हार्ट ऑफ द जेडाय’ वाचकांच्या हाती आली ती ह्यानंतर, २०१५ मध्ये. ती पुढे आणली ती कोणा प्रकाशकाने नव्हे. बाद ठरलेल्या त्या जुन्या विश्वाचा कालक्रम वर्षानुवर्षे जुळवत आलेल्या चाहत्यांनी, लेखकाच्या संमतीने, ती उपलब्ध करून दिली.