डार्ट भाषेची वाटचाल

संगणकाच्या भाषा माणसे हेतुपूर्वक घडवितात. परंतु त्यांचे भाग्य घडविणाऱ्यांच्या हाती राहत नाही. डार्ट भाषेचा इतिहास याची साक्ष देतो.

वेबची प्रचलित भाषा जावास्क्रिप्ट. तिचा जन्म १९९५ सालचा. मोठ्या प्रोग्रामांना तिच्या उणिवा जाचक ठरत, म्हणून गूगलमधील लार्स बाक व कॅस्पर लुंड यांनी डार्ट रचली. ऑक्टोबर २०११ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे ती जाहीर झाली. पहिली पूर्ण आवृत्ती २०१३ साली निघाली. तथापि इतर ब्राउझरांनी तिला थारा दिला नाही, आणि २०१५ साली गूगलनेही आपल्या क्रोममध्ये तिला स्थान देण्याचा बेत सोडला. जिची जागा घ्यावयाची, त्या जावास्क्रिप्टचाच वेष घेऊन डार्टला वेबवर वावरावे लागले.

तिची कथा येथेच संपावयाची. परंतु फ्लटर या साधनसंचाने तिला मोबाइलचे क्षेत्र मिळवून दिले. लिहिताना केलेला बदल तत्काळ दिसावा आणि तयार अ‍ॅप वेगाने चालावे, या दोन्ही गरजा ती भागवीत होती. शिवाय एकाच लेखनातून अँड्रॉइड व आयफोन या दोहोंचे काम साधू लागले.

नव्या कामाबरोबर शिस्तही आली. आकडा, अक्षरे इत्यादी मूल्यप्रकारांची आरंभी ऐच्छिक असलेली तपासणी २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत सक्तीची झाली. रिकाम्या मूल्यांमुळे होणाऱ्या चुका आधीच पकडण्याची सोय २०२१ साली आली. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीने तीही अनिवार्य केली.

आम्हांस यातून एवढेच दिसते की, आश्रयदाता कितीही बलाढ्य असो, भाषा जगते ती तिला खरे काम मिळते तेथेच.