नऊ महिन्यांची पलटण: तेरावी व्हरमाँट

अमेरिकेतील यादवी युद्धाचे दुसरे वर्ष चालू असताना, ऑगस्ट १८६२ मध्ये, लिंकन यांच्या शासनाने तीन लाख मिलिशिया, म्हणजे गरजेपुरती उभारली जाणारी नागरी सेना, नऊ महिन्यांसाठी मागितली, आणि त्यातून व्हरमाँट या छोट्या शेतीप्रधान राज्यात ज्या पाच स्वयंसेवी पायदळ पलटणी उभ्या राहिल्या, त्यांपैकी तेरावी ही एक होय. ब्रॅटलबरो येथे ऑक्टोबरमध्ये दाखल झालेल्या या पलटणीचा हिवाळा वॉशिंग्टनच्या बाह्य संरक्षणफळीवरील पहाऱ्यात गेला, त्यामुळे मुदत संपत आली तरी मोठी लढाई तिने पाहिली नव्हती. ३ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या लढाईत दक्षिणेचे जनरल पिकेट यांच्या तुकड्या उत्तरेच्या मध्यफळीवर चालून आल्या, तेव्हा ब्रिगेडप्रमुख जनरल स्टॅनार्ड यांच्या आज्ञेवरून कर्नल रँडल यांची तेरावी आणि तिच्यामागोमाग व्हरमाँटचीच सोळावी अशा दोन पलटणी रांग सोडून उजवीकडे वळल्या आणि शत्रूच्या बगलेवर, म्हणजे प्रतिकारास सर्वांत असमर्थ अशा बाजूवर, त्यांनी जवळून गोळीबार केला. भर तोफमाऱ्यात दिशा बदलणे ही कसलेल्या सैन्यालाही अवघड असणारी हालचाल होती, आणि म्हणूनच अल्पमुदतीचे सैनिक कुचकामी ठरतात हे सरसकट मत येथे टिकत नाही. २१ जुलै रोजी तेरावी पलटण सेवामुक्त झाली.