तज्ज्ञशोध, संशोधनक्षेत्रातील

एखाद्या विषयाचे सखोल संशोधन केलेली व्यक्ती कोण व ती कोठे काम करते, हे हुडकून काढण्याची संघटित पद्धती. अशा पद्धती उभारणाऱ्या व चालविणाऱ्या ग्रंथपाल, प्रलेखनतज्ज्ञ, संगणकतज्ज्ञ आणि संशोधन-प्रशासक यांचा स्वतंत्र व्यावसायिक समुदाय विसाव्या शतकाच्या अखेरीस आकारास आला. त्यांचे काम मात्र त्याहून बरेच जुने आहे.

सतराव्या शतकात लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग (मृ. १६७७) हा आपल्या अफाट पत्रव्यवहाराच्या बळावर यूरोपातील विद्वानांची एकमेकांशी गाठ घालून देई. कोणता प्रश्न कोणाकडे धाडावा हे ज्ञान एका माणसाच्या स्मरणात साठविलेले होते व ते त्याच्याबरोबरच जाणार होते. विद्यापीठे वाढल्यावर छापील सूचींची गरज भासू लागली. स्ट्रॅस्‌बर्ग येथून १८९१ पासून निघू लागलेल्या मिनर्व्हा या वार्षिकात जगभरच्या विद्यापीठांतील अध्यापकांची नावे संस्थावार दिलेली असत. संस्था ठाऊक असलेल्या वाचकास ती उपयोगी पडे. विषय ठाऊक पण व्यक्ती अज्ञात, अशा वाचकाची तेवढी सोय तीत नव्हती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स मकीन कॅटेल (१८६०–१९४४) याने १९०६ मध्ये अमेरिकन मेन ऑफ सायन्स हा सुमारे ४,००० शास्त्रज्ञांचा परिचयकोश प्रसिद्ध केला. प्रत्येक शास्त्रातील दहा जाणकारांकडून गुणानुक्रम मागवून त्याने अग्रेसर १,००० व्यक्तींच्या संशोधनविषयापुढे तारका छापली. तारका लाभणे हा बहुमान ठरला आणि शोधासाठी रचलेला ग्रंथ प्रतिष्ठेचे माप बनला. ही प्रथा १९४० नंतरच्या दशकात सोडून देण्यात आली. कोशात प्रथमपासून स्त्रियांचाही समावेश असताना ‘अँड विमेन’ हे शब्द शीर्षकात यावयास मात्र १९७१ साल उजाडावे लागले.

दुसऱ्या महायुद्धाने या कामास निकडीचे स्वरूप दिले. अमेरिकेत १९४० मध्ये लेनर्ड कारमायकेल या मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली वैज्ञानिक व विशेष कौशल्यप्राप्त व्यक्तींची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. प्रश्नावल्यांतील उत्तरे छिद्रित कार्डांवर उतरविली जात; यंत्राने कार्डे वेगळी केली, की हव्या त्या कौशल्याची माणसे समोर येत. ब्रिटनमध्ये श्रम मंत्रालयाने असेच काम हाती घेतले व शास्त्रज्ञांच्या नेमणुकांची जबाबदारी पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या सी. पी. स्नो याच्याकडे होती.

भारतात स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, शां. स्व. भटनागर यांच्या कारकीर्दीत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने वैज्ञानिक व तांत्रिक मनुष्यबळाची राष्ट्रीय नोंद आरंभिली. परदेशांतून परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी १९५८ मध्ये राखीव गट स्थापन झाला. येथे भर तज्ज्ञाला काम मिळवून देण्यावर होता. प्रश्नाला तज्ज्ञ मिळवून देणे दुय्यम राहिले.

विषयांचे चौकटीबद्ध वर्गीकरण ही या सर्व नोंदींची दुखरी बाजू होय. गोव्यात जन्मलेले दा. ध. कोसंबी (१९०७–६६) यांनी गणित, आनुवंशिकी, नाणकशास्त्र व प्राचीन भारताचा इतिहास या सर्व क्षेत्रांत मूलगामी लेखन केले. शिवाय काही गणिती लेख टोपणनावाने प्रसिद्ध केले. अशा विद्वानाचे कार्ड कोणत्या कप्प्यात ठेवावे, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही नोंदवहीजवळ नव्हते.

संगणकयुगात विखुरलेले कारागीर एकत्र आले. यूरोपीय समुदायाने १९९१ मध्ये संशोधनविषयक माहितीच्या देवघेवीसाठी सेरिफ हा समान आराखडा पुरस्कृत केला. त्याची धुरा पुढे २००२ मध्ये स्थापन झालेल्या युरोक्रिस या व्यावसायिक संघटनेकडे आली. ब्राझीलने १९९९ मध्ये भौतिकीविज्ञ सेझार लातेस यांच्या नावे राष्ट्रीय परिचयमंच उघडला. शासकीय संशोधन-अनुदानाशी तो जोडला गेल्यामुळे संशोधक स्वतःच आपली माहिती अद्ययावत ठेवू लागले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००३ मध्ये व्हिवो ही प्रणाली निर्माण झाली. २००९ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली सात संस्थांना तिच्या विस्तारासाठी सु. १ कोटी २२ लाख डॉलरांचे अनुदान मिळाले व पुढील वर्षापासून तिच्या परिषदा भरू लागल्या.

याच सुमारास, २००५ ते २००८ या काळात, ट्रेक या अमेरिकन चाचणी-उपक्रमात तज्ज्ञशोधाच्या तंत्रांची तुलना करण्यात आली. एका तंत्रात प्रत्येक व्यक्तीचे सर्व लेखन एकत्र करून ते प्रश्नाशी ताडून पाहतात. दुसऱ्यात आधी प्रश्नाशी संबंधित लेख निवडून नंतर त्यांतील व्यक्तींची गणना करतात. दुसरे तंत्र बहुधा सरस ठरले. पण दोन्ही तंत्रांना एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे यंत्राच्या हाती आलेले लेखन.

मराठी संशोधकांच्या बाबतीत ही मर्यादा विशेष जाणवते. गांधीनगर येथील इन्‌फ्लिबनेट केंद्राने भारतीय तज्ज्ञांसाठी विद्वान नावाचा माहितीसाठा उभारला आहे. तथापि आंतरराष्ट्रीय उद्धरणसूचींत इंग्रजी नियतकालिकांचेच प्राबल्य असल्याने बोलीभाषा, संतवाङ्‌मय वा ग्रामदैवते यांवर मराठीत आयुष्यभर लिहिणारा अभ्यासक तेथे जवळजवळ अदृश्य राहतो. त्यातच नावांचा घोळ असतो : रोमन लिपीत एकाच आडनावाची वेगवेगळी वर्णलेखने होतात, आद्याक्षरे सारखी असलेले अनेक जोशी व कुलकर्णी एकमेकांत मिसळतात आणि विवाहानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे लेखन दोन व्यक्तींच्या नावे विभागले जाते. २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक उपलब्ध झाल्याने या दुसऱ्या अडचणीवर बरीच मात करता येते. मात्र तो संशोधकाने स्वतः मागून घ्यावा लागतो आणि दिवंगत लेखकांना त्याचा उपयोग नाही. त्यांचे लेखन ओळखून योग्य नावाखाली व विषयाखाली लावण्याचे काम मराठी वाचणाऱ्या ग्रंथपालालाच करावे लागते.