परवाना आणि पालकत्व

सॅन फ्रान्सिस्कोत कचरा वाहण्याचा व्यवसाय प्रामुख्याने इटालियन स्थलांतरितांच्या हाती होता. १९३२ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या नियमाने शहराचे ९७ मार्ग ठरले व त्यांसाठी मुदतीचे बंधन नसलेले परवाने निर्माण झाले. कालांतराने ते सारे एकाच उद्योगसमूहाकडे एकवटले. वृक्षांचा प्रवास याच्या उलट झाला. रस्त्याकडेच्या बहुसंख्य वृक्षांची निगा लगतच्या घरमालकांवर होती. २०११ नंतर काटकसरीपायी नगरप्रशासनाने आणखी वृक्ष त्यांच्यावर सोपवले. अखेर नगराच्या प्रतिनिधिमंडळाने हा प्रश्न मतदारांपुढे ठेवला. नोव्हेंबर २०१६ च्या कौलानुसार सुमारे सव्वा लाख वृक्षांचे दायित्व नगराने पत्करले. पहिल्या निर्णयाने श्रमिकांना स्थैर्य लाभले, पण स्पर्धेचे दार मिटले. दुसऱ्याने सावलीचा खर्च सर्वांत वाटला गेला. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ एकाच शहरात असा दोनदा, परस्परविरुद्ध दिशांनी ठरला.