कळलावी आणि अडविनाभी

मराठवाड्यातल्या रानफुलांचा मागोवा घेताना पहिली ठेच लागते ती थिओडोर कुक यांच्या ग्रंथापाशी. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची त्यांनी केलेली नोंद १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाली. अभ्यासक आजही ती उघडतात. पण बिलोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. इलाख्याची हद्द जिथे संपली, तिथे ग्रंथही संपला. सबंध मराठवाड्याची वनस्पती-नोंद ग्रंथरूपात आली ती १९९८ साली, व्ही. एन. नाईक यांच्या हातून. तोवर इथली ओळख टिकली ती बोलीतल्या नावांत.

कळलावीचेच घ्या. पावसाळ्यात ओलसर रानाच्या कडेला, झुडपांच्या आधाराने ती चढते. फूल खाली मान घालते, पाकळ्या मात्र उलट वर वळतात. त्यांच्या कडा नागमोडी. रंग आधी हिरवट पिवळा, मग केशरी, शेवटी लालभडक. लिनियसने १७५३ साली तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ म्हटले; त्याला दिसला तो डौल. संस्कृतात ती अग्निशिखा आणि लांगली. लांगल म्हणजे नांगर. हे नाव ठेवणाऱ्याने जमीन उकरून पाहिली असणार, कारण नांगरासारखा वाकलेला असतो तो तिचा कंद.

मराठी नाव सुईणीच्या हातचे आहे. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हा कंद वाटून पोटाला, तळपायांना लावत, म्हणून कळलावी. हे फूल घरात आणले की भांडणे लागतात, ही समजूत मला नंतरची वाटते. ‘कळ लावणे’ याचा दुसरा अर्थ नावाला चिकटला आणि बिचाऱ्या फुलाचा नारद झाला!

बिलोलीच्या पूर्वेला तेलुगू मुलूख लागतो आणि नाव बदलते: अडविनाभी. अडवि म्हणजे रान, नाभि म्हणजे बचनाग. खरा बचनाग हिमालयातला, मांजरेच्या खोऱ्यात तो उगवत नाही. तरीही ‘रानातला बचनाग’ म्हणणाऱ्यांनी नेमके बोट ठेवले. कंदात कोल्चिसिन असते, शिजवूनही ते जात नाही, आणि थोड्या मात्रेनेही माणूस दगावतो. आयुर्वेदानेही लांगलीला उपविषांत बसवले आहे. मराठीत खड्यानाग हे आणखी एक नाव आहे. त्यातला नाग सापाचा नसून बचनागाचा असावा, असा माझा तर्क आहे.

दोन्ही नावे खरी, पण मराठी नाव उपयोग सांगते आणि तेलुगू नाव धोका. रताळे किंवा रानकंद समजून हा कंद खाल्ल्याने माणसे मेली आहेत, आणि फूल नसताना तर फसगत सोपी. अशा वेळी पान पाहावे. रताळ्याच्या पानाला जाळीदार शिरा असतात. कळलावीच्या लांबट पानात त्या समांतर धावतात, आणि पानाचे टोक विंचवाच्या नांगीसारखे वळून शेजारच्या काटकीला विळखा घालते.