बिनतारी पोरं

एखाद्या विषयातले आपल्याला ओ की ठो कळत नाही, ही काही त्या विषयावरच्या व्याख्यानाला जाण्यातली अडचण नव्हे, असे माझे ठाम मत आहे. तशी ती असती तर आपल्याकडच्या निम्म्या व्याख्यानमाला केव्हाच बंद पडल्या असत्या. अनुभवी श्रोता सभागृहात शिरताना दोनच गोष्टी बघतो : पंखा कुठे आहे आणि दार कुठे आहे. या दोहोंच्या मधली खुर्ची धरून मी अद्वैतापासून शेअरबाजारापर्यंत सगळे ऐकलेले आहे. दोन्हीकडे शेवटी 'माया' हाच विषय निघतो.

त्यामुळे माझी पुतणी जेव्हा म्हणाली, "काका, उद्या आमच्या डिपार्टमेंटला विद्यार्थ्यांची रिसर्च टॉक्स आहेत. वायरलेस कम्युनिकेशन आणि सिग्नल प्रोसेसिंग. येता का?" तेव्हा मी फारसा बिचकलो नाही.

"मला काय कळणार त्यातलं?" मी रीतीप्रमाणे विचारले.

"आम्हाला तरी एकमेकांचं कुठे कळतं? म्हणूनच श्रोते हवेत. शिवाय चहा-सामोसा आहे."

शेवटचा मुद्दा बिनतोड होता. मी गेलो.

बिनतारी संदेशवहनाच्या त्या कार्यक्रमाची पहिली वीस मिनिटे एक वायर शोधण्यात गेली. ती कपाटात होती आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. अखेर वायर आली, पडद्यावर उजेड पडला आणि एकेक पोर उठून बोलू लागले. प्रत्येकाला पंधरा मिनिटे. प्रत्येकाचा आलेख डावीकडे उंचावर सुरू होऊन उजवीकडे कोसळत होता. मला त्यांची दया आली. पण पुतणी कानात म्हणाली की तो चुकांचा आलेख आहे, जितका खाली जाईल तितके चांगले. घसरगुंडीलाच प्रगती म्हणणारे हे एकमेव शास्त्र असावे. पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ प्राध्यापक दर भाषणानंतर उठत आणि म्हणत, "प्रश्न नाही, एक छोटीशी सूचना आहे." ती सूचना भाषणापेक्षा मोठी असे.

माझे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. बोलणाऱ्या मुलाच्या हातातला तो लाल ठिपक्याचा दिवा. आवाज त्याने पाठ करून घट्ट बांधून आणला होता, पण पडद्यावरचा ठिपका थरथरत होता. सामोसा खाता खाता माझ्या मनात आले, अशा थरथरणाऱ्या पोरांचे पुढे काय होते? मग मी चार पुस्तके मिळवून चाळली. तेव्हा कळले की आपल्या खिशातला मोबाइल हा बऱ्याच अंशी अशाच पोरांच्या उचापतींनी भरलेला आहे.

एडविन आर्मस्ट्राँगचेच बघा. चंद्रावर गेलेला नव्हे, हा त्याच्या आधीचा. १९१२ साली हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. वय एकवीस. राहायला जवळच्या योंकर्सला, कॉलेजला जायचा तो मोटरसायकलवरून. घराच्या अंगणात त्याने एरियलसाठी सव्वाशे फुटांचा खांब स्वतः उभा केला होता. आपल्याकडे गच्चीत साधी दांडी रोवायची तरी सोसायटीची सर्वसाधारण सभा बोलवावी लागते आणि कोरमअभावी तहकूबही करावी लागते.

त्या काळी ली द फॉरेस्ट नावाच्या गृहस्थाने 'ऑडिऑन' नावाची काचेची नळी काढली होती. ती बिनतारी संदेश थोडेसे मोठे करून ऐकवी. का आणि कसे, हे स्वतः द फॉरेस्टलाही नीटसे सांगता येत नव्हते. आर्मस्ट्राँगने काय केले, तर नळीतून बाहेर पडलेला मोठा संदेश पुन्हा तिच्याच तोंडात घातला. तो आणखी मोठा झाला, पुन्हा घातला, आणखी मोठा झाला. पोस्टात पैसे ठेवणाऱ्या कोणाही मराठी माणसाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. याला आपण चक्रवाढ व्याज म्हणतो. दूरदेशीचे पुटपुटते संदेश कानाला न लावता ऐकू येऊ लागले, तेव्हा या पोराने मध्यरात्री झोपलेल्या बहिणीला 'जमलं, जमलं!' म्हणून उठवले.

आता यापुढचा प्रसंग अमेरिकेत घडला यावर विश्वास बसत नाही, इतका तो आपल्या घरातला वाटतो. मुलाने वडिलांकडे पेटंटसाठी पैसे मागितले. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत, म्हणजे पुस्तकांच्या जगातले सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, आधी पदवी घे, मग पैसे. झाले! अभ्यास सोडून भलते उद्योग करणाऱ्या मुलाला जगातला कुठलाही बाप हेच सांगतो, फक्त भाषा बदलते. शेवटी पोराने आपल्या शोधाची आकृती कागदावर काढली आणि ३१ जानेवारी १९१३ रोजी नोटरीकडून तिच्यावर शिक्का मारून घेतला. पेटंटचा अर्ज गेला तो पदवी मिळाल्यावर, त्या वर्षाच्या ऑक्टोबरात.

पुढे द फॉरेस्टने, हा शोध मुळात माझाच, म्हणून दावा लावला. आपल्याकडच्या भाऊबंदकीला लाजवील असा तो खटला वीस वर्षे चालला. १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल द फॉरेस्टच्या बाजूने दिला. न्यायमूर्तींना कायदा कळत होता, नळी कळत नव्हती, असे इंजिनीअर मंडळींचे मत पडले. आर्मस्ट्राँगला याच शोधासाठी रेडिओ इंजिनीअरांच्या संस्थेने पदक दिले होते. ते परत करायला तो संस्थेच्या सभेत गेला. संस्थेने पदक परत घ्यायला साफ नकार दिला. कोर्टात हरलेल्या माणसाला बरोबरीच्या लोकांनी 'तुझंच आहे, ठेव' म्हणावे, यापेक्षा मोठे पदक मला तरी ठाऊक नाही.

गडी मात्र स्वस्थ बसणारा नव्हता. पहिल्या महायुद्धात पॅरिसला असताना त्याने 'सुपरहेटरोडाइन' नावाची युक्ती काढलेलीच होती. तिच्याच जोरावर आपल्या घरातल्या फडताळावरचा लाकडी रेडिओ काटा फिरवला की नेमके स्टेशन पकडत असे. राहिली होती ती खरखर. पावसाळ्यात वीज कडाडली की बातम्यांतही कडाडत असे. कारण जुन्या रेडिओत निरोप लाटेच्या उंचीत भरलेला असे आणि विजेचा गोंगाटही नेमका उंचीतच मिसळे. आर्मस्ट्राँग म्हणाला, उंची तशीच राहू द्या, निरोप लाटेच्या कंपनसंख्येत भरा. मैफलीत कोणी भांडे आपटले तर क्षणभर आवाज बुडेल, पण म्हणून गवयाचा पंचम काही मध्यम होत नाही. हेच ते एफएम. जॉन कार्सन या मोठ्या गणितज्ञाने १९२२ सालीच आकडेमोड करून यात काही फायदा नाही असे दाखवले होते. पण ते गणित होते अरुंद पट्ट्याचे. आर्मस्ट्राँगने पट्टा ऐसपैस केला.

५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कला इंजिनीअरांच्या सभेत त्याने यावर निबंध वाचला. निबंध वाचून झाल्यावर त्याने यंत्र सुरू केले. तिकडे योंकर्सला त्याचा मित्र रनियन बसला होता. त्याने पेल्यात पाणी ओतले आणि कागद फाडला. इकडे सभागृहात पाणी ओतल्यासारखे पाणी ओतले गेले आणि कागद फाटल्यासारखा फाटला. तोवर रेडिओवर पाणी आणि तळणीतली भजी यांचा आवाज एकच येत असे.

याही शोधावर खटले झाले. मोठ्या कंपन्या आणि एकटा माणूस. पैसा संपला, संसार विसकटला आणि १९५४ सालच्या ३१ जानेवारीला त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले. पहिल्या आकृतीवर नोटरीचा शिक्का बसला तीच ही तारीख. त्याच्या पत्नीने, मॅरियनने, खटले सोडले नाहीत. शेवटचा खटला तिने १९६७ साली जिंकला. मोटारीत एफएम लावताना एवढे आठवले तरी पुरे.

यानंतर क्लॉड शॅननकडे वळले की जरा मोकळे वाटते. या पोराने १९३७ साली, एकविसाव्या वर्षी, मास्टरच्या पदवीसाठी एमआयटीत प्रबंध लिहिला. विजेच्या बटणांची जोडणी आणि 'खरे-खोटे' यांचे तर्कशास्त्र हे एकच गणित आहे, हा त्याचा विषय. पुढल्या जूनमध्ये वॉशिंग्टनला त्याने तो इंजिनीअरांपुढे वाचला. आजचा प्रत्येक कॉम्प्युटर त्या निबंधाचा वंशज आहे. त्याला त्याबद्दल 'आल्फ्रेड नोबल' पारितोषिक मिळाले. चटकन हात जोडू नका. हा नोबल वेगळा, अमेरिकेतला एक इंजिनीअर. बाराखडीतल्या एका मात्रेने इतका फरक पडतो, हे मराठीच्या शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगे आहे. १९४८ साली याच शॅननने, गोंगाट कितीही असला तरी एका मर्यादेपर्यंत निरोप बिनचूक पाठवता येतो, हे सिद्ध केले. १९८५ साली इंग्लंडात ब्रायटनच्या परिषदेला तो अचानक हजर झाला. मेजवानीत लोकांनी बोलायचा आग्रह केला. तो दोन शब्द बोलला, श्रोते कंटाळतील अशी भीती वाटली, म्हणून खिशातून तीन चेंडू काढून त्याने ते हवेत झेलायला सुरुवात केली. आपल्याकडच्या अध्यक्षीय समारोपांना ही प्रथा लागू करावी असे मी सुचवतो.

याच एमआयटीत १९५१ साली रॉबर्ट फॅनो नावाच्या प्राध्यापकाने वर्गाला सांगितले, परीक्षा द्या नाहीतर एक निबंध लिहा. डेव्हिड हफमनने निबंध घेतला. प्रश्न असा, की अक्षरांना शून्य आणि एकच्या खुणा द्यायच्या, तर कमीत कमी जागा कशी लागेल? हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. चहा-साखरेचे डबे हाताशी, पुरणयंत्र माळ्यावर. जे वारंवार लागते त्याला छोटी खूण, क्वचित लागते त्याला लांब. पण नेमकी मांडणी कशी करायची? खुद्द फॅनो आणि शॅनन यांनाही ती जमली नव्हती आणि फॅनोने वर्गाला ते सांगितले नव्हते! सांगितले असते तर हफमनने मुकाट परीक्षा दिली असती.

कित्येक महिने डोके आपटून झाल्यावर परीक्षेचाच अभ्यास करावा असे ठरवून हफमनने कागद टोपलीत टाकायला घेतले आणि त्याच क्षणी उत्तर सुचले. थोर मंडळी हाताशी असलेल्या फळीपासून सुरुवात करत होती. हफमनने माळ्यापासून केली. सर्वांत कमी लागणाऱ्या दोन वस्तूंचे एक गाठोडे बांधायचे, त्याला एक वस्तू समजायचे, मग पुन्हा सर्वांत कमी लागणाऱ्या दोन, असे करत खाली यायचे. १९५२ साली ते छापून आले. गुरूने शिष्याकडून हरण्याची इच्छा धरावी असे आपण म्हणतो; इथे गुरू प्रत्यक्ष हरला. आज मोबाइलवरचे बहुतेक फोटो याच युक्तीने बांधलेले असतात. रोज सकाळी तुम्हाला येणारी 'शुभ प्रभात'ची फुले हफमनच्या खांद्यावरून येतात. यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

आता पुण्याचे नाव कधी येणार, म्हणून पुणेकर वाचक मघापासून चुळबुळत असतील. आलेच. थॉमस कैलथ १९३५ साली पुण्यात जन्मले, सेंट व्हिन्सेंटमध्ये शिकले आणि पुण्याच्याच इंजिनीअरिंग कॉलेजातून १९५६ साली पदवीधर झाले. घरची भाषा मल्याळम, पण पुण्यात जन्मलेल्याला पुणे सहसा सोडत नाही, विशेषतः तो मोठा झाल्यावर. एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले भारतीय. साल १९६१. विषय, क्षणाक्षणाला लहरीप्रमाणे बदलणाऱ्या मार्गावरून निरोप कसा पोचवायचा. पुढे स्टॅनफर्डला त्यांच्या हाताखालून शंभरावर विद्यार्थी आणि संशोधक गेले.

तिथेच येऊन मिळाले आरोग्यस्वामी पॉलराज. तमिळनाडूचे, पण खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आणि लोणावळ्याच्या नौदलाच्या इंजिनीअरिंग कॉलेजात घडलेले. लोणावळ्याहून चिक्कीखेरीज काही आणता येते हे मला तेव्हा कळले. त्यांनी हात घातला तो एका जुन्या दुखण्याला. टीव्हीवर पूर्वी माणसाशेजारी त्याचेच भूत उभे राहायचे, आठवते ना? "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं होतं, गेलं!" असे गच्ची आणि खालचा मजला यांचे संवाद चालायचे. लाटा इमारतींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात, त्याचे ते भूत. सगळे त्याला हाकलत होते. पॉलराज म्हणाले, कामाला लावू या. एकाऐवजी अनेक एरियलांवरून एकदम वेगवेगळे निरोप सोडायचे, ते वाटेत एकमेकांत कालवले जातील, पलीकडेही अनेक एरियल ठेवून गणिताने पुन्हा वेगळे काढायचे. वाड्यातली चार पोरे एकदम कालवा करत असताना चौघांचेही बोलणे ज्या आईला कळायचे, तिचेच हे यंत्र. १९९२ साली कैलथ-पॉलराज जोडीने पेटंटचा अर्ज केला तेव्हा जाणकारांनी माना हलवल्या, त्या आडव्या. १९९४ साली पेटंट मिळाले. आजच्या वायफायमध्ये आणि ४जी-५जी मोबाइलमध्ये ते भूत पगारावर आहे.

सिग्नल प्रोसेसिंग म्हणजे गोंगाटातून बोलणे वेगळे काढणे, अशी व्याख्या पुतणीने मला दिली आहे. यंत्रांना ते आता उत्तम साधते. मोठ्या माणसांना साधेलच असे नाही. वडिलांना परीक्षा दिसते, न्यायाधीशांना कागद दिसतो, पहिल्या रांगेला स्वतःची सूचना दिसते आणि पोराचे बोलणे तेवढे गोंगाटात जाते. प्रत्येक पोर आर्मस्ट्राँग नसते हे मलाही कळते. बहुतेकांचे आलेख रद्दीत जातात. पण कुठला जाणार नाही, हे आधी कुणाला कळले आहे?

म्हणून एवढेच सुचवतो. घरातल्या पोराने रात्री दोन वाजता 'जमलं!' म्हणून गदागदा हलवून उठवले, तर 'झोप आता, सकाळी कॉलेज आहे' असे म्हणू नये. काय जमले ते विचारावे. कळले नाही तरी ऐकावे. आणि सकाळी चहा झाला की त्याचा कागद घेऊन नोटरीकडे जाऊन यावे. दर वाढलेत म्हणा, पण वीस वर्षांच्या वकिलापेक्षा नोटरी अजूनही स्वस्तच पडतो.