कुली : मजुरीपासून शिवीपर्यंत

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊचा कॉल, रिलीज लांबलेला, सगळेच वैतागलेले. वातावरण हलकं करावं म्हणून मी इंग्रजीत म्हणालो, "आपण काय, कुली! डोक्यावर तिकिटं ठेवा, आम्ही वाहतो." पुण्यातले चौघे हसले. डर्बनची सहकारी हसली नाही. नंतर तिचा मेसेज आला : "माझ्या आजीला गोरे लोक याच शब्दाने हाक मारायचे. नावाने कुणी मारलीच नाही."

माझ्या डोक्यात कुली म्हणजे लाल शर्ट, दंडावर पितळी बिल्ला आणि १९८३ चा अमिताभ. त्यात शिवी कुठून आली? मग वाचायला घेतलं.

शब्दाच्या उगमाबद्दल दोन मतं आहेत. एक तमिळ 'कूलि'कडे बोट दाखवतं. त्याचा अर्थ मजुरी, म्हणजे कामाचा मोबदला. दुसरं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडे. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात दोन्हींची चर्चा आहे. पोर्तुगीजांच्या आणि मग इंग्रजांच्या तोंडी तो ओझी वाहणारा मजूर या अर्थाने रुळला. तोवर ते एका कामाचं नाव होतं.

१८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपली, पण उसाचे मळे तसेच होते. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ भारतीय मजूर मॉरिशसला उतरले. अंगठा उठवून केलेला, बहुधा पाच वर्षांचा करार. मग गयाना, त्रिनिदाद आणि १८६० मध्ये 'ट्रुरो' जहाजाने नाताळ, म्हणजे डर्बन. ही भरती १९१७ पर्यंत चालली आणि दहा लाखांहून जास्त माणसं गेली. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत मराठी बोलणारेही होते. तिथे आजही गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

कागदोपत्री या सगळ्यांची नोंद 'कुली'. करार संपला, माणसं दुकानदार झाली, शिक्षक झाली, तरी शब्द सुटला नाही. १८९३ मध्ये गांधीजी डर्बनला पोचले तेव्हा तिथे भारतीय व्यापारी 'कुली व्यापारी' होता आणि ते स्वतः झाले 'कुली बॅरिस्टर'. ओझं उचलण्याशी आता त्याचा काही संबंध नव्हता. कातडीचा रंग पुरेसा होता.

हे फक्त भारतीयांपुरतं नव्हतं. चिनी मजुरांनाही तोच शब्द लागला. १८६२ मध्ये कॅलिफोर्नियाने 'कुली-विरोधी' कायदा करून चिनी कामगारांवर महिना अडीच डॉलरचा कर बसवला. गोऱ्या मजुरांचं रक्षण हा हेतू कायद्याच्या नावातच लिहिलेला होता.

पुढे पुसापुशी सुरू झाली. पोर्ट लुईमधला 'कुली घाट' आता 'आप्रवासी घाट' आहे, २००६ पासून जागतिक वारसा स्थळ. आपल्या रेल्वेनेही २०१६ च्या अर्थसंकल्पात कुलींना 'सहायक' म्हणायचं ठरवलं. मात्र गायुत्रा बहादूर या लेखिकेने २०१३ मध्ये आपल्या पणजीवर पुस्तक लिहिलं आणि त्याचं नाव मुद्दाम 'कुली वुमन' ठेवलं. १९०३ मध्ये ही पणजी गरोदर असताना एकटीच कलकत्त्याहून गयानाला निघाली होती.

मी सहकारी मैत्रिणीची माफी मागितली. "तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली. ते खरं होतं, म्हणूनच जास्त टोचलं.

गेल्या महिन्यात टीममधल्या नव्या पोराने तोच विनोद केला. मी त्याला बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण आपण भारतीयच ना? आपण आपल्याला म्हटलं तर काय बिघडलं?"

बहादूर म्हणू शकतात, कारण ती त्यांची पणजी होती. माझ्या घरातलं त्या जहाजांवर कुणी चढलं नव्हतं. एसीत बसून, पगाराची स्लिप घेऊन मी कुली असल्याचा विनोद करतो, तेव्हा ओझं दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर असतं. त्याला एवढंच सांगितलं. पटलं की नाही, माहीत नाही. पण पुढच्या कॉलला तो शब्द आला नाही.